ओली काच

दादा: नको म्हटलं ना, चिमे. दुसऱ्या कुणालातरी बसव त्या खुर्चीत.

चिमी: दुसरं कोण आहे? वहिनीला बसवलं तर तोंड मिटून बसेल का ती?

वहिनी: ऐकतेय हं मी.

दादा: अगं, माझे हात थरथरतात. घड्याळाचा स्क्रू चिमट्यात ठरेना, म्हणून दुकानाला कुलूप लावलं मी. आणि तू मला फोटोसाठी पुतळ्यासारखं बसायला सांगतेस?

वहिनी: लेकीच्या लग्नात सगळ्या फोटोंत हात खिशात. जेवायला बसले तेव्हा काय ते बाहेर आले.

चिमी: दादा, भिंगातून बघायला मला तूच शिकवलंस. काचेवरचा माझा पहिला फोटो तुझाच निघणार, हे मी कधीच ठरवून टाकलंय.

दादा: आणि मानेमागे हे लोखंडी काय उभं केलंयस? फाशी द्यायचीय?

चिमी: डोकं टेकायला आहे ते, हलू नये म्हणून. दीडशे वर्षांपूर्वी असे काचेवर फोटो काढणारे ठेवायचे. त्याच्याही आधी एकाने खिडकीतून रस्त्याचा फोटो काढला होता. फोटो उमटायला तेव्हा कितीतरी मिनिटं लागायची. रस्ता चांगला गजबजलेला, पण फोटोत सगळा ओसाड. माणसं, घोडागाड्या, जे जे हललं ते उमटलंच नाही. एकटा एक माणूस आला, बुटाला पॉलिश करून घ्यायला थांबलेला.

दादा: आणि पॉलिश करणारा?

चिमी: तोही आला. अंधुक. हात चालू होते ना त्याचे.

दादा: पण आला.

चिमी: आला.

दादा: बरं. ओत तुझं काय ते.

वहिनी: शी! दवाखान्यासारखा वास येतोय.

चिमी: बघ दादा, काच अशी कलती करायची, म्हणजे हे औषध चारही कोपऱ्यांना पोचतं. आता ही चांदीच्या पाण्यात बुडवते. मग वाळायच्या आत सगळं उरकायला हवं. डोंगराचा फोटो काढायला निघायचे ना ते जुने लोक, तर काचा, बाटल्या, पाणी, काळा तंबू, सगळं खेचरांवर लादून वर न्यायचे. फोटो तिथेच धुवायचा, तंबूत.

दादा: एका डोंगरासाठी?

चिमी: एका डोंगरासाठी. वहिनी, तू इथे कॅमेऱ्याशी उभी राहा आणि सावकाश दहा मोज. दादा, बघ समोर. झाकण काढते हं.

वहिनी: एक… दोन… अहो, डोळे नका मिचकावू! तीन…

(बाथरूम. दार बंद, लाल दिवा.)

दादा: काही दिसत नाही. कोरीच आहे.

चिमी: थांब, हे ओतू दे.

दादा: अरे… अरे! काहीतरी येतंय. कॉलर आली! चिमे, ही माझी कॉलर!

चिमी: आता पाण्याने धुते. हं, आता पांढरा दिवा लाव वहिनी.

दादा: खराब होईल ना!

चिमी: आता नाही होत. सुरुवातीच्या लोकांची मात्र तीच पंचाईत होती. चित्र उमटायचं, पण थांबायचं नाही. उजेडात आणलं की काळं पडायचं. मेणबत्ती लावून चोरून बघायचे बिचारे, आणि बघता बघता सगळं जायचं.

दादा: आणि तरी पुन्हा काढायचे?

चिमी: पुन्हा काढायचे. मग कुणालातरी ह्या बाटलीतले क्षार सापडले, आणि चित्र टिकलं.

दादा: आपल्या हातचं काम डोळ्यांदेखत पुसलं जातंय, आणि सकाळी उठून पुन्हा तेच करायचं. काय छातीची माणसं असतील गं!

चिमी: आता बघ, तेच ओतते. वरचं दुधासारखं आहे ना? हे विरघळेल.

वहिनी: अगं बाई.

चिमी: आला.

दादा: हा मी? ह्या सुरकुत्या… शर्टाची बटणंसुद्धा मोजून घ्यावीत अशी. आणि मांडीवर हा धूर कसला?

चिमी: तुझे हात, दादा.

दादा: …असे दिसतात होय.

चिमी: दुसरी काढू? हात झाकून?

दादा: नको. राहू दे. जसे हलत होते, तसे आलेत. खोटं काही नाही त्यात.

चिमी: वहिनी? इतकी वाकलीस कशाला?

वहिनी: काही नाही गं. डोळे बघ त्यांचे. इतकं टक लावून कधी… अहो, काय बघत होता हो तुम्ही?

दादा: कॅमेऱ्याशी कोण उभं होतं?