सध्या सौर ऊर्जेत आहे

नाही, पण मी म्हणतो, गरज काय होती? कोणी विचारलं होतं का यांना? म्हणजे... विचारलं होतं म्हणा, तिथंच तर सगळा घोळ झाला! ऐका भिया, तुम्हाला सांगतो. मल्हारगंजात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात ते अच्युतराव. उभा जन्म कपड्याच्या मिलमध्ये, टाइम-ऑफिसात काढलेला. भोंगा वाजला की गल्लीतले सगळे घड्याळं लावायचे आणि अच्युतराव डबा घेऊन निघायचे, वर्षानुवर्षं, नागा नाही! आणि मग एक दिवस मिलच बंद. भोंगाच गेला. आता भोंगाच नाही म्हटल्यावर माणसानं घरातून निघायचं कशावर, सांगा?

बरं, बसले घरी, तर बसा ना! तेवढ्यात मुलीचं लग्न ठरलं, संहिताचं. देवासचं स्थळ. व्याही जयसिंगराव, बिजली खात्यातून रिटायर झालेले, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजून-मापून. साखरपुड्याची पंगत बसलेली, आणि मुलाकडच्या कुठल्याशा मामानं जिलबी तोडता तोडता विचारलं, "काय करता आपण सध्या?"

झालं! अच्युतरावांचा घास हातातच. अरे, "मिल बंद झाली" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं! आमच्या गल्लीत कोणाची बंद नाही झाली? पण समोर मुलगी बसलेली, नवी साडी, कान इकडेच लावलेले... आणि यांना इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की तोंडातून भलतंच निघालं, "सध्या सौर ऊर्जेत आहे."

सौर ऊर्जेत! कुठून आली ही सौर ऊर्जा? तर आदल्या हफ्त्यात मैदानात एक मेळा लागला होता, तिथं टाय लावलेला सेल्समन ओरडत होता, "अंकलजी, सूरज किसी के बाप का है क्या? घर ले जाइए!" तेवढंच यांच्या डोक्यात राहिलेलं. मामा म्हणाला, "म्हणजे नक्की काय करता?" तर छाती पुढे काढून म्हणतात कसे, "आमच्या घरी हीटरसुद्धा उन्हावर चालतो. सूर्य काय कोणाच्या बापाचा आहे?"

पंगतीत वाहवा! विहीणबाई, इंदुमतीबाई, त्यांचे गुडघे थंडीत असे धरतात की सूर्य मावळला की त्या घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. त्या एकदम खुलल्या, "अगंबाई, मग संहिताच्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी येणारच!" जयसिंगराव फक्त मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बघायलाच हवं."

आता काय करता? लग्न पार पडलं, संक्रांत तोंडावर आली, आणलंच मग. दोन पाट जोडून ठेवावेत एवढं पॅनेल, एक बॅटरी, एक इन्व्हर्टर आणि सोबत एक छोटी ट्यूबलाइट. छतावर चढवलं. आणि यांच्या मंडळी, शशिकलावहिनी, खाली येऊ देईनात यांना, "अहो, नवी वस्तू घरात आली, पूजा नको?" तर हे मिलवाले! दसऱ्याला यंत्राला कुंकू लावलं नाही तर यंत्र रुसतं, हे यांच्या रक्तात! त्या काचेवर मधोमध कुंकवाचा हा एवढा स्वस्तिक, वर झेंडूचा जाड हार. मी म्हटलं, "अहो, ऊन कुठून आत जाणार?" तर मलाच ऐकवतात, "पुजलेलं पुसायचं नसतं. सूर्य काय कोणाच्या बापाचा आहे?" म्हणजे काय? याचा त्याच्याशी संबंध काय? पण बोलायची सोय नाही!

तरी ट्यूब मात्र लागायची हं. संध्याकाळी लाइटची कटौती झाली, सगळी गल्ली अंधारात, की यांच्या ओसरीवर ती एवढीशी ट्यूब... खरं सांगतो, बरं वाटायचं बघायला. तेवढ्यावर समाधान मानायचं की नाही? पण नाही, हीटर! रॉडवाला, दोन लाल कांड्या, त्या इन्व्हर्टरला लावला. इन्व्हर्टर "टींsss" करून किंचाळला नि बंद. यांनी परत बटण दाबलं. परत टींsss. परत बटण. अहो, बैल बसलाय म्हटल्यावर किती पराणी लावाल? शेवटी त्यातून धूर आला. हीटर तर नाहीच, होती ती ट्यूबही गेली!

आणि व्याही यायची वेळ तोंडावर आलेली. तेव्हा या माणसानं काय केलं असेल? स्वयंपाकघरातल्या प्लगातून वायर काढली, कपाटामागून, सतरंजीखालून थेट हीटरपर्यंत! आणि छतावरून येणारी वायर मात्र सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर, वर झेंडूचं फूल खोचून. वहिनी म्हणाल्या, "अहो, हे बरं नाही." तर म्हणाले, "संहिताच्या सासरी मी सांगून बसलोय गं." आवाज इतका बारीक, की वहिनींनी स्वतःच सतरंजी वायरीवर नीट ओढली.

रथसप्तमीचा दिवस. कटौतीचा टाइम टळून गेल्यावर कार्यक्रम ठेवलेला, टाइम-ऑफिसचा माणूस, तिथं चूक नाही! हॉल बायकांनी भरलेला. मधोमध संहिता, काळी साडी, हलव्याचे दागिने, हलव्याचा मुकुट, अशी गोड दिसत होती पोरगी! इंदुमतीबाई हीटरसमोर खुर्चीत गुडघे शेकत, येईल तिला सांगतायत, "आमच्या व्याह्यांनी केलंय हो, उन्हावर चालतंय!" आणि संहिता बापाकडे अशी बघत होती... अच्युतरावांनी मान खाली घातली ती वर केली नाही. ओसरीवर मी होतो ना शेजारी, मला दिसत होतं.

आणि लाइट गेली.

बेटाइम! ट्रान्सफॉर्मर का काय उडाला असेल. सगळी गल्ली गुडुप. आणि त्या अंधारात सगळ्यांच्या देखत हीटरच्या त्या दोन लाल कांड्या... हळूहळू नारिंगी... हळूहळू काळ्या... नि टिक, टिक, टिक करत थंड! मग आमच्या मंगलाकाकू, तोंडाला कुलूप नाही, त्या बोलल्या, "का हो अच्युतराव, तुमचा सूर्य पण बोर्डाच्याच तारेनं येतो काय?"

हसल्या हो बायका. धरणी फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं माणसाचं. अंधार होता म्हणून, नाहीतर तोंड कुठं लपवलं असतं? संहिताच्या हलव्याच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

तेवढ्यात जयसिंगराव उठले. खिशातून टॉर्च काढला. "काही नाही, इन्व्हर्टर ट्रिप झाला असेल. लोड जास्त पडला की होतं असं. मी बघतो." आणि गेले की कपाटामागे! अच्युतराव मागे धावले, पण पोचेपर्यंत उशीर झाला होता. टॉर्चचा उजेड सतरंजीखालून, कपाटामागून, सरळ स्वयंपाकघरातल्या प्लगावर. जयसिंगरावांनी प्लग काढला, वायर नीट गुंडाळली, कोटाच्या खिशात घातली. बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाले, "फ्यूज उडालाय. पॅनेल उत्तम आहे. वहिनी, मेणबत्ती लावा, वाण वाटून घ्या." संपलं!

म्हणजे अब्रू वाचली ना? वाचली! पण अच्युतराव मला म्हणाले, "सुधाकर, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं रे."

व्याही रात्री मुक्कामालाच होते. सकाळी चहाच्या आधीच जयसिंगराव छतावर. अच्युतराव गेले मागोमाग. आमचं छत लागूनच, मला सगळं ऐकू येत होतं. जयसिंगराव पॅनेलवरचा स्वस्तिक बघत होते. खिशातून वायर काढून दिली. अच्युतराव म्हणाले, "जयसिंगराव... मी सौर ऊर्जेत नाही हो. आमची मिल बंद झाली."

जयसिंगराव म्हणाले, "माहीत आहे. मुलगी करून घ्यायच्या आधी माणूस चौकशी करतो की नाही? साखरपुड्याआधीच कळलं होतं."

"मग मामांनी विचारलं का?"

"त्यांना सांगायचं राहून गेलं. संहितानं आम्हाला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, बाबांची मिल बंद झालीये, त्यांना कोणी विचारू नका म्हणून."

बसलेच हो अच्युतराव, तिथंच, त्या टाकीच्या कठड्यावर! म्हणजे पोरीनं सांगून टाकलेलं, आणि हा माणूस सतरंजीखालून वायरी ओढत बसलेला! जयसिंगरावांनी दोन खुर्च्या मागवल्या, एकीवर इंदुमतीबाईंना बसवलं, गुडघे उन्हाकडे करून, दुसरी अच्युतरावांपुढे सरकवली. म्हणाले, "व्याहीबुवा, ऊन थेट घ्या. सूर्य काय कोणाच्या बापाचा आहे?"

आता? आता काय, ती खुर्ची वरच आहे. सकाळी जुन्या भोंग्याच्या वेळेला अच्युतराव छतावर जाऊन बसतात. पुजलेलं पुसायचं नाही म्हणून स्वस्तिक तसाच आहे, इन्व्हर्टर जळालेला, त्यामुळे ट्यूब काही पेटत नाही. आणि कोणी खालून हाक मारली, "काय अच्युतराव, काय चाललंय सध्या?" तर म्हणतात, "मिल बंद झाली भिया, सध्या उन्हात असतो." आणि ऊन फारच झालं, की डोकं तेवढं पॅनेलच्या सावलीत सरकवून घेतात.