एकट्यानं उघडायची पानं

सून : आई, इतक्या भराभर नको हो. कार्डं वाचून ठेवा.

सासू : वाचली की! त्यात काय एवढं? एकेका कार्डावर एका पानाचं नाव, दोन शब्दांत.

सून : पण गठ्ठे दोनच? हॉस्पिटलची साइट नव्यानं बांधतेय मी. त्यांना नीट विभाग हवेत. हाडांचे विकार, तपासण्या, बिलं, असे. माणसं कुठलं पान कुठे शोधतात ते मला बघायचंय, म्हणून तर तुम्हाला बसवलं.

सासू : मी माझ्या पद्धतीनं लावलेत. हा गठ्ठा एकट्यानं उघडायच्या पानांचा. हा शेजारी कुणीतरी असताना उघडायच्या पानांचा.

सून : अहो, असे विभाग जगातल्या कुठल्याच साइटवर नसतात!

सासू : मग मला कशाला कामाला लावलंस? तूच लावून टाकायचे.

सून : रागावू नका ना. बघू... पार्किंग, भेटीच्या वेळा, डॉक्टरांची यादी, सगळं एकट्यानं. ठीक. साइट मात्र झकास होणार आहे हं.

सासू : माझ्या फोनवर दिसेल?

सून : तुमच्या फोनवर? आई, त्यातला ब्राउझर पेन्शनीत गेलाय. असले जुने फोन आम्ही या वेळी धरतच नाही. शंभरात दोघं-तिघं असतील.

सासू : आणि ते दोघं-तिघं काय करतात?

सून : नवा फोन घेतात.

सासू : वा! झकास.

सून : आणि या दुसऱ्या गठ्ठ्यात एकच कार्ड? 'तपासणीचे अहवाल'?

सासू : एक पुरे झालं.

सून : अहो, अहवाल घरबसल्या बघता यावेत म्हणून तर हा सगळा खटाटोप. लोकांचा हेलपाटा वाचतो.

सासू : हेलपाटा परवडला. तिथे निदान समोर माणूस असतं. आणि ते पान सापडतं तरी कुठे सध्या? 'आमच्याविषयी'च्या पोटात 'सेवा', त्यात तळाशी कुठेतरी. आमच्याविषयी म्हणजे त्यांच्याविषयी ना? मग माझा अहवाल तिथे कशाला?

सून : तुमचा अहवाल?

सासू : बोलायची एक पद्धत गं.

सून : आई.

सासू : मानेपाशी गाठ लागत होती हाताला. दाखवून आले. सुई घालून तपासायला घेतात ना, तेवढंच.

सून : कुणाबरोबर गेलात?

सासू : माझ्याबरोबर. तू या साइटीत बुडालेली. आणि त्याला सांगितलं असतं तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. तुझाच नवरा, तुला ठाऊक आहे.

सून : बरं, मग काय आलं?

सासू : ते कुठे कळलं! नाव दिसलं, वय दिसलं, ठळक अक्षरात 'निष्कर्ष' दिसला. त्यापुढे फोनची कडा. बोटानं सरकवावं तर पान परत मूळ जागी.

सून : उजवा रकाना कापला जातोय. मोठ्या पडद्याच्या मापानंच बांधलंय ते पान. खरं तर पान पडद्याएवढं आपोआप लहान व्हायला हवं, नियमच आहे तसा... पण मला नाही विचारायचं? दिवसभर घरात बसून मी हेच तर करते!

सासू : विचारणार होते. मग म्हटलं, दिसत नाही ना, राहू दे. महिनाभर झोप बरी लागली.

सून : महिनाभर!

सासू : ओरडू नकोस. भीती वाटते मला.

(सून लॅपटॉप पुढे ओढते.)

सून : नोंदणी क्रमांक?

सासू : हा घे, फोनच्या कव्हरात आहे. थांब, पडदा तुझ्याकडे वळव. आधी तू वाच. मी तुझ्या तोंडाकडे बघते.

सून : माझ्या तोंडाकडे कशाला?

सासू : तुला बोलून सारवासारव करता येते. चेहऱ्यानं नाही जमत.

सून : उघडलं.

सासू : कापलेलं नाही ना?

सून : नाही. सगळं दिसतंय.

सासू : ... एवढा वेळ लागतो वाचायला?

सून : आई, उद्या मी रजा टाकते. दोघी जाऊ डॉक्टरांकडे.

सासू : टाक. सकाळचीच वेळ घे. दुपारी तिथे बसायला जागा नसते.