दूध रोजचं, पुडी सोमवारची

दवाखान्यातल्या बाकावर एक आजी औषधाच्या पुड्या घेऊन बसली होती. शेजारच्या धिप्पाड पावण्यानं त्या लगेच ओळखल्या.

"आजी, ही व्हिटॅमिन डीची पावडर. कशी घ्यायची सांगितलीया?"

"दुधातनं."

"आन् कवा?"

"दूध पिईन तवा! त्यात काय इचारायचं?"

"तिथंच फसलो मी. आठवड्यातनं एक, दुधातनं, असं सांगितलंतं. मी दूध तेवढं ऐकलं. आमचं दूध म्हंजे रोज पहाटं कट्ट्यावर, म्हशीचा मालक समोर धार काढून पेल्यात देतोय ते. रोज एक पुडी सोडली की त्यात!"

"मग ताकद आली असंल."

"कसली ताकद? उलट्या, सारखी तहान. उसाची मोळी उचलणारा गडी, चप्पल उचलंना."

"अगं बाई! जीवनसत्त्वानं?"

"जादा झालं तर हे लघवीवाटं जात न्हाय, चरबीत साठतंय. रक्तात कॅल्शियम वाढलं, किडनीवर आलतं. आता पुडी बंद, दूध बी बंद."

"मग मी घेऊ का नको?"

"घ्या की! हाडं दुखत्यात न्हवं? फकस्त वार ठरवा."

"सोमवारी उपास असतोय. सोमवारीच घेते."

तेवढ्यात आतनं पावण्याला हाक आली, "आकाराम, आत या!"

पावणा हसतच बाहेर आला.

"कॅल्शियम उतरलं, आजी! पुढच्या महिन्यापासनं दूध चालू."

"मग कट्ट्यावर जाऊन सांगा की."

"कुठल्या तोंडानं? दूधच बाधलं समजून, म्हशीला काय चारतोस म्हणून चारचौघांत भांडलतो मालकासंगं."

"आन् त्यो आता काय म्हणतोय?"

"माझा पेला अजून रोज धुऊन ठेवतोय म्हणं."