आधी कौदी काढा

मंडळी, सगळे आलात. बरं झालं. पण घरून निघताना पाणी कोण कोण पिऊन आलं, हात वर करा बघू.

बघा. एवढं सभागृह भरलंय आणि हात एवढेच? त्यातलेही निम्मे खोटे आहेत, मला इथून दिसतंय. डॉक्टर सुनंदाबाईंनी तुम्हाला दरवर्षी वर्ग सुरू व्हायच्या आधी हेच विचारलं. बाईंना जाऊन अजून आठवडा झाला नाही आणि तुम्ही विसरलात. चैत्रातली दुपार, आणि सगळे कोरड्या घशानं रडायला आलात.

मी पाणी पिऊन आलेय. पण मला असं उभं राहून बोलायची सवय नाही. अक्षर येत नाही, तेव्हा कागदात तोंड खुपसून वेळ काढायचीही सोय नाही. नात रेवती पुढं बसून मी बोलते ते उतरवून घेतेय. तिला सांगितलंय, शहाणपणा करून माझं बोलणं सुधारू नको.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी यमुनाआज्जी. हुबळीत गोकुळ रोडच्या मागच्या गल्लीत राहते. बाईंच्या वर्गातली पेशंट.

हसू नका. तोच माझा हुद्दा. उगादी, म्हणजे पाडवा, झाला की पहिल्या सोमवारी बाई इथं धारवाडात वर्ग घ्यायच्या. खेड्यापाड्यांतल्या नर्सा यायच्या, छोट्या दवाखान्यांतले डॉक्टर यायचे. वाढत्या उन्हानं माणसाच्या अंगात काय होतं, पाऊस वेळ चुकवायला लागला की कुठले ताप येतात, ते ओळखायचे कसे आणि पहिल्यांदा काय करायचं, हे बाई शिकवायच्या. आणि मी चटईवर पडून ऊन लागल्याचं सोंग करायची. अंगावर जाड कौदी, म्हणजे गोधडी. सोंग म्हणून नव्हे, खरंच उकडायचं हो.

बाई आधीच बजावून ठेवायच्या, "अक्का, खरं बोलायचं नाही हं. खरे पेशंट खरं बोलत नाहीत."

मग एखादा नवा डॉक्टर यायचा. गळ्यात नळी. "आज्जी, पाणी पिता का?"

"पिते की रे बाळा. तांब्यावर तांब्या."

तो समाधानानं मान हलवायचा. बाई मागून म्हणायच्या, "प्रश्न वाया गेला. पुढचा माणूस."

एकदा नवलगुंदकडची एक पोरगी आली. काही विचारीना. चटईवर बसली, माझा हात हातात घेतला, आणि कानाशी येऊन म्हणाली, "आज्जी, कामावर गेल्यापासून लघवीला गेलीस का?" मी तोंड फिरवलं. "तिथं आडोसा नसेल ना?" आता अशा पोरीशी खोटं कसं बोलणार? मी सोंग विसरले. म्हटलं, "नाही गं. म्हणून तर पाणी पीत नाही." बाईंनी टाळी वाजवली. म्हणाल्या, "हिला कळलं. आता बाकीच्यांनी हिच्याकडून शिका."

आणि एवढं सगळं विचारून झालं तरी कौदी अंगावरच असायची. म्हातारीच्या अंगावरचं पांघरूण चारचौघांत ओढायचं कसं, या भिडेनं कुणी हात लावायचं नाही. कुणी लावलाच, तर आमची गंगम्मा धावून यायची. गंगम्मा सिस्टर, ती बघा तिसऱ्या रांगेत, पदरात तोंड लपवून बसलीय. ती व्हायची माझ्या घरचं माणूस. "अय्यो, ताप आहे तिला, वारा लागतो!" म्हणून कौदी परत ओढायची. तिच्याशी भांडून जो कौदी काढेल तोच पास. बाईंचा पहिला धडा एवढाच. आधी कौदी काढा. मग ओल्या फडक्यानं पुसा, वारा घाला, सावलीत न्या, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. पण आधी कौदी काढा.

आज मघापासून सगळे बाईंबद्दल बोलले. हुशार होत्या, मायाळू होत्या, पैशाच्या मागं लागल्या नाहीत. सगळं खरं. मी मान हलवत होते. पण ती कौदी कुठून आली, हे कुणी काढलं नाही. का काढलं नाही, ते मला ठाऊक आहे. ते काढायचं नाही असं काल ठरलंय.

काल वर्गाच्या कमिटीचे अण्णा माझ्या घरी आले. समोरच बसलेत, रागावू नका अण्णा. ते म्हणाले, "आज्जी, सोमवारचा वर्ग होईल. पण या वर्षी पहिला तास राहू दे. बाईंच्या फोटोला हार घालू, दोन चांगले शब्द बोलू, आणि थेट लक्षणांच्या तक्त्यापासून सुरुवात करू. गेलेल्या माणसाची चूक चारचौघांत कशाला उगाळायची?"

गंगम्मा बरोबर होती. बाईंच्या मागं आता वर्ग तिनंच घ्यायचा, दुसऱ्या कुणाला तो येत नाही. ती रडत म्हणाली, "आज्जी, बाई स्वतःच्या तोंडानं सांगत होत्या ते वेगळं. मी कशी सांगू? माझी जीभ झडेल." पुढं म्हणाली, "आणि ते सांगितल्याशिवाय वर्ग घ्यायचा कसा, तेही मला कळत नाही. मी सोमवारी येतच नाही."

मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. आता इथं सांगते. कारण ती चूक बाईंची असली तरी माणूस माझं गेलंय. सांगायचा हक्क माझा.

काशी माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माझ्याकडेच असायची. अमरगोळच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये मिरचीचे देठ खुडायला जायची. बडबडी होती. मी बोलते ते तिच्यापुढं काहीच नाही. एका उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, बरोबरच्या बायकांनी तिला धरून घरी आणलं. अंग तव्यासारखं. घामाचा टिपूस नाही. मला "आई" म्हणून हाक मारली. मी म्हटलं, "अगं काशे, मी यमू." तर पुन्हा "आई".

तेव्हा आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात सुनंदाबाई नव्या होत्या. धारवाडची मुलगी. तुम्ही धारवाडचे लोक कसे ते मला चांगलं ठाऊक आहे. घरात पंखा नाही, आणि पंखा नाही याचाच तोरा. "आमच्याकडं लागतच नाही हो!" ऊन असायचं ते विजापूरला, गुलबर्ग्याला. धारवाडात हवा खायला यायचं. बाई त्याच हवेत वाढलेल्या. धावत आल्या, हात लावून बघितला, म्हणाल्या, "थंडीताप असावा. सुई देते. चांगलं पांघरूण घाला, खिडकी लावून घ्या, उद्या रक्त तपासू."

आमच्या आईनं जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली कौदी होती. ती घातली. खिडकी लावली. दिवेलागणीच्या आत काशी गेली.

तेरावं झाल्यावर बाई घरी आल्या. दारातच बसल्या, आत येईनात. म्हणाल्या, "अक्का, तो थंडीताप नव्हता. तिला ऊन लागलं होतं. मी पांघरूण घाला म्हणाले. काढा म्हणायला हवं होतं."

मी मोठ्या मनाची बाई नाही. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हटलं, "आपल्याकडं कुणाला ऊन लागतं का हो?"

त्या म्हणाल्या, "मलाही तसंच वाटलं होतं, अक्का. म्हणून तर ती गेली."

मंडळी, त्या दिवशी बाई उठून गेल्या असत्या तर कुणाला काय कळणार होतं? मला कळणार होतं? मी तर देवाच्या नावानं खडे फोडून मोकळी झाले होते. पण त्या येत राहिल्या. सहा महिने मी नीट बोलले नाही, तरी येत राहिल्या. पुस्तकं वाचायच्या, मोठ्या डॉक्टरांना विचारायच्या, आणि येऊन मला सांगायच्या. मला का सांगायच्या, देव जाणे. "अक्का, पुस्तकात उन्हाचा आजार आहे, पण तो वाळवंटातल्या शिपायांना होतो असं लिहिलंय. आपलं गाव त्यात नाही. हवा बदलायला लागलीय आणि आमची पुस्तकं जुन्या हवेची आहेत."

एक दिवस म्हणाल्या, "मी नर्सांना शिकवणार आहे. तुमची ती कौदी द्याल का?"

मी म्हटलं, "देत नाही. काशीची आहे ती. कौदी हवी तर मी पण येणार."

अशी मी पेशंट झाले.

आणि पहिल्या वर्गात, पहिल्या तासाला, बाईंनी ती कौदी हातात धरून सांगितलं, "या कौदीखाली माझ्या हातून एक बाई गेली." मी बसले होते तिथंच. समोरच्या मुली हलल्या नाहीत. तेव्हापासून दर वर्षी, न चुकता, तेच वाक्य. मी एकदा विचारलं, "बाई, किती वेळा स्वतःला चाबूक मारून घ्याल?" तर हसल्या. "चाबूक कसला अक्का? मी तक्ता दाखवते तेव्हा पोरी जांभया देतात. काशीचं सांगते तेव्हा एक जण जांभई देत नाही."

ती नवलगुंदकडची पोरगी आठवते ना? दोन उन्हाळ्यांनंतर भेटली. एका घरी शेंगा फोडणारी बाई अशीच तापली होती. सासू कौदी सोडेना. पोरगी म्हणाली, "आज्जी, तक्त्यातलं मला काही आठवलं नाही हो. काशीबाई आठवली." आणि तिनं सासूच्या हातातून कौदी हिसकली. ती बाई जगली. सासू अजून या पोरीशी बोलत नाही म्हणे. न बोलू दे.

त्यानंतर बाईंनी डास शिकवले. पाऊस लांबला की नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, मग आपण घरभर पिंपं भरून ठेवतो, आणि पिंपांत डास अंडी घालतात. हाडं मोडणारा तो ताप आला तेव्हा आख्खी गल्ली भिंत धरून चालत होती, मीही. बाई माझ्या दारात आल्या त्या आधी पिंपात डोकावल्या, मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "पिंपाला ताप नाही आला, मला आलाय." म्हणाल्या, "त्याच्यामुळंच आलाय. झाकण कुठंय?"

शेवटी बाई आजारी पडल्या त्या यंदाच्या थंडीत. मी भेटायला गेले. हाडं उरली होती. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अक्का, या वर्षी पेशंट मी." मग म्हणाल्या, "कौदी आणलीस का? आज घाल. आज खरंच थंडी वाजते." मी घरी माणूस पाठवून मागवली, आणि घातली. बराच वेळ त्यांच्या पायाशी बसले. वचनबिचन काही घेतलं नाही त्यांनी. सोमवारबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

तेव्हा गंगम्मा, बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे, मी सांगते म्हणून ऐक. तुझी जीभ झडायची भीती होती ना? बघ, माझी शाबूत आहे. बाईंच्या शोकसभेत, त्यांच्या फोटोसमोर, सगळ्या धारवाडासमोर मी सांगून टाकलं. आता सोमवारी तुला नवीन काहीच सांगायचं नाही. सगळ्यांना ठाऊक असलेलं पुन्हा एकदा सांगायचं. बाईंचा मान जातो का बघा, अण्णा. तुमच्या चेहऱ्यावरून तर वाढलेला दिसतोय. हार घाला, जरूर घाला. पण पहिला तास कौदीचा. मी चटईवर पडायला येणार आहे, आणि माझ्याशी भांडायला मला गंगम्मा पाहिजे.

मान हलवलीस? मला इथून नीट दिसत नाही. मोठ्यानं सांग.

ऐकलंत? "बरतीनि आज्जी" म्हणाली. येते म्हणाली. उतरवून घे गं रेवती.

आता बाईंसाठी गप्प बसू. उभं राहू नका, मागं पत्र्याखाली बसलेत त्यांना आत सावलीत घ्या, आणि बसल्या जागी डोळे मिटा. बाई आठवा. ज्यांना काशी माहीत नव्हती त्यांनी काशीही आठवा.

आणि त्याच्या आधी शेवटचं. गेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून तुम्ही डबे पाठवता. बाईंच्या घरी डबे खायला कोणी नाही. ते डबे सोमवारी वर्गावर पाठवा. पेढे नकोत. मिरची भजी नकोत, उन्हात घसा जाळायला. ज्वारीची आंबील पाठवा, आणि ताक पाठवा. ताक पातळ करा, घट्ट पाठवून घरच्या म्हशीचं कौतुक दाखवू नका. आणि मीठ घालायला तुम्ही विसरणार, मला ठाऊक आहे. म्हणून मीठ वेगळ्या वाटीत पाठवा.