मणी निळे झालेच नाहीत

मणी निळे झाले नाहीत. तळोज्याच्या आमच्या लॅबमध्ये पेप्टाइड बनवायचं म्हणजे बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत साखळी वाढवायची. दर वेळी टोक मोकळं केलं की चार मणी काढून, तपासणीचं द्रावण घालून तापवून बघायचे. निळे झाले म्हणजे टोक मोकळं, तरच पुढची कडी जोडायची. माझे मात्र तांबूसच! माझी पहिलीच स्वतंत्र साखळी, आठवडाभराची मेहनत, आणि पुढच्या कडीचं कपलिंगचं, म्हणजे जोडणीचं, मिश्रण कालवून ठेवलेलं. ते काही फार वेळ टिकत नाही.

सीनियर मॅडम रजा घेऊन गावी नेऱ्याला गेलेल्या, फोन उचलेनात. बाटलीचं झाकण पडलं तरी मी दचकत होते.

"काका, टाकून देऊ का हो सगळं?" मी ऑपरेटर पाटीलकाकांना विचारलं.

"फेकायला काय लागतंय? पन फेकलेलं परत येनार हाय काय?" काका म्हणाले. "तू फोन लाव. बाई शेतात असंल, कवातरी हात धुवंल का नाय?"

अकराव्यांदा लावला आणि मॅडमनी उचलला. मी तोंड उघडायच्या आत त्या हसत म्हणाल्या, "दहा मिस्ड कॉल! म्हणजे आज प्रोलीन जोडलंस. अगं, ते अमिनो आम्ल टोकाला असलं की मणी निळे होतच नाहीत. माझंही रडून झालंय त्याच्यावर. जोड पुढची कडी."