पाच मिनिटं थांबून घेतलेली चाचणी

दिनांक ६ नोव्हेंबर २०२३, तूत्तुकुडी.

मी शेण्बगवल्ली मासिलामणी, वय ४४ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., धंदा नोकरी, मीनकोडी फ्रोझन फूड्स या मासळी गोठवण्याच्या कारखान्यात संगणक विभाग प्रमुख, राहणार बंदर रस्ता, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, हा जबाब द्यायला मला उशीर झाला, त्याबद्दल आधी क्षमा मागते. घटनेला अकरा दिवस झाले. त्यांतले सात दिवस मला कारण माहीत नव्हतं. चार दिवस माहीत होतं आणि मी गप्प होते.

दि. २६ ऑक्टोबर रोजी सकाळी १०.४० वाजता कॉम्प्रेसर खोलीत अमोनिया वायू गळला. असं झालं की तिथला संगणक एकच संदेश सोडतो आणि तो पॅकिंग हॉल व फाटक या दोन्ही ठिकाणच्या पडद्यांवर एकदम पोहोचून भोंगा वाजतो. त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही. हॉलमधल्या एकोणीस बायका बाहेर पडल्या, त्या वासामुळे. त्यांची मुकादम आरोक्यमेरी, वय ५१, सर्वांना काढून शेवटी निघाली. ती अजून इस्पितळात प्राणवायूवर आहे.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक तंगदुरै यांनी माझ्यासमोर हॉलचा संगणक बंद करून पुन्हा चालू केला व लगेच तोच संदेश सोडायला लावणारं चाचणीचं बटण दाबलं. भोंगा वाजला. ते म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. मेरीनंच आवाज बंद केला असणार. तिला जपमाळेत व्यत्यय नको असतो." फाटकावरचे इसक्किमुत्तू म्हणाले, "अय्या, माझ्याकडेही वाजला नाही." त्यावर, "तू घोरत असशील." इसक्किमुत्तू म्हणाले, "घोरत होतो तर पहिली अँब्युलन्स कोणी आत घेतली, माझ्या बायकोनं?" हे कोणी लिहून घेतलं नाही. मीही नाही. आरोक्यमेरीला निलंबित करण्यात आलं आणि हलगर्जीपणाची तक्रार तिच्यावर याच ठाण्यात दाखल आहे.

भोंगा वाजला तो चालू केल्याकेल्या, हे मला खटकत होतं. दि. २ नोव्हेंबर रोजी मी हॉलचा संगणक ११.०० ला चालू केला. ११.०२ ला चाचणी, भोंगा वाजला. ११.०४ ला वाजला. ११.०६ ला वाजला नाही. पुन्हा चालू केला, पुन्हा तसंच. चार मिनिटं आणि काही सेकंद, मग मुका.

कारण असं. मधला स्विच, म्हणजे सगळे संगणक एकमेकांना जोडणारी पेटी, हा संदेश सर्वांना वाटत नाही. ज्या संगणकानं "मला हवा" असं कळवलं असेल त्यालाच देतो. संगणक चालू होताना एकदा कळवतो. पुढे कोणीतरी दर दोन मिनिटांनी "अजून कोणाला हवा?" असं विचारत राहावं लागतं. विचारणारा नसेल तर स्विच थोड्या वेळानं नाव काढून टाकतो. आमच्याकडे हे विचारायचं काम एक जुना राउटर करत होता. नवा आल्यापासून तो रिकामाच आहे, अशी माझी समजूत होती.

दि. २३ ऑक्टोबर रोजी आयुधपूजेला आम्ही संगणक विभागातली सर्व यंत्रं बंद करून त्यांना गंध-कुंकू लावलं. पूजेला बसवलेली वस्तू दुसऱ्या सकाळपर्यंत हलवायची नसते. विजयादशमीला मीच एकेक यंत्र चालू केलं. जुन्या राउटरपाशी आले तेव्हा मी म्हणाले, "या म्हाताऱ्याला आता राहू दे निवांत." सगळे हसले. दि. २ रोजी त्याच्यावर पूजेचं लिंबू वाळलेलं तसंच होतं. मी तो चालू केला. अर्ध्या तासानंतरही दोन्हीकडे भोंगा वाजला. बंद केला, पाच मिनिटांत दोन्हीकडे शांत. मग पुन्हा चालू करून ठेवला.

त्याच सायंकाळी मी तंगदुरै यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "शेण्बगम, चार ओळी लिहून दे. संदेश पोहोचला, तिनं आवाज बंद केला. तुझंही नाव कुठे येत नाही."

"आणि तिचं?"

"ती कोळंबी सोलत आली आहे. उद्या दुसरीकडे सोलेल."

मी विचार करते म्हणाले. विचार कसला केला, ते मला नीट सांगता येत नाही. नोकरीचा केला, हे खरं. काल इस्पितळात गेले. आरोक्यमेरीला बोलता येत नव्हतं. तिनं कागदावर लिहिलं, "अक्का, मी बटणाला हात लावला नव्हता." मी उत्तर लिहिलं, "माहीत आहे." कधीपासून, ते लिहिलं नाही.

त्या चार ओळी मी लिहून देणार नाही. आज नाही, कोर्टातही नाही. नोकरी गेली तरी माझा जबाब हाच राहील. राउटर मी माझ्या चुकीने बंद ठेवला. संदेश पोहोचला नाही. आरोक्यमेरीनं काहीही बंद केलं नाही.

जबाब हवालदार बाईंनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. "माझ्या नजरचुकीने" असं लिहिलं होतं, तिथे "माझ्या चुकीने" असं करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "अक्का, नजरचूक राहू द्या. तुमच्याच फायद्याचं आहे." मी नको म्हणाले. त्यांनी खोडलं. खाडाखोडीवर माझी सही आहे. बाकी मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

तपासातले उद्याचे काम: पंचांसमोर जुना राउटर बंद करून हॉलचा संगणक चालू करणे, पाच मिनिटे कोणालाही बटण दाबू न देणे.