आभाळाला रफू

"...उसवलं! हो, उसवलं! पुन्हा पुन्हा उसवीन! कात्री माझी, खिडकी माझी, डोळे... बरं, डोळे आता अर्धेच माझे, पण वाकडा टाका दिसण्याइतके आहेत अजून!"

आता तुम्हाला सांगते, यात एवढं आकाशपाताळ एक करण्यासारखं काय होतं? पण नात माझी दारात उभी, हातात ती उसवलेली बाही, नाकाचा शेंडा लालबुंद, नि म्हणते कशी, "आजी, ती मुलगी गेली! काम सोडून गेली! कालपासून बिचारी मान मोडून टाके घालत होती, नि तू सकाळी उठून सगळे उसवलेस! दुपारी पालिकेच्या बाई यायच्यात, त्यांना मी काय दाखवू, तुझी कात्री?"

पालिकेच्या बाई कशाला, ते सांगते. गावात कामं नाहीत. तरणी पोरं गाडीत बसतात, हात हलवतात, जातात. म्हणून पालिकेनं नवा नियम काढला, की चौकातले ते बंद पडलेले गाळे, नवा धंदा काढील त्याला वर्षभर भाड्याशिवाय द्यायचे. अट एकच. आपल्याशिवाय निदान एक माणूस पगारावर ठेवायचा. म्हणजे धंदा एकाचा नि चूल दोघांची. हिनं अर्ज केला, गाळा मिळायच्या बेतात, आमच्याच पुढच्या खोलीत काम सुरूसुद्धा झालं, नि पगारावर ठेवलेली ती मुलगी... गेली! गाळा हुकला तर नातही जाणार. पिशवी भरून पलंगाखाली सारलीय, मला काय दिसत नाही? खोली झाडताना केरसुणी तिथेच अडते रोज.

पण अहो, धंदा तरी कसला! जन्मभर मी रफू केलं. कुणी शिकवलं नाही हं मला. वडिलांचा जुना कोट धागाधागा उसवला नि पुन्हा विणला, तो माझा गुरू. पाटीवरची अक्षरंही अशीच, एकेक सुटी करून शिकले. उसवल्याशिवाय कळतं का कुणाला काही? आणि रफू म्हणजे काय? तर इथं फाटलं होतं, हे फाडणाऱ्यालासुद्धा कळता कामा नये! आणि ही? काळ्या कोटाच्या कोपरावर पिवळाधमक पक्षी भरते! भोक आहे तिथेच पक्षी! लांबून ओरडून सांगतोय, "इथं फाटलंय होऽऽ, या बघायला!"

"लोक हसतील," मी म्हटलं.

"लोक रांग लावतायत, आजी."

कोट कुणाचा, तर माझ्या लेकाचा. म्हणजे हिच्या बापाचा. कचेरीत कारकून आहे. बोलण्याआधी घसा असा खाकरतो, की वाटावं आता राजीनामाच देतोय. "आई," म्हणाला, "तुमचं दोघींचं हे सुईदोऱ्याचं राहू दे. काम काय आभाळातून पडतं? मोठा कारखाना यावा लागतो. त्याला जमीन द्यावी लागते, कर माफ करावा लागतो, रस्ता करून द्यावा लागतो. मग येतं काम."

"आला की रे कारखाना! जमीन दिली, कर माफ केला, रस्ता तर असा गुळगुळीत की त्यावर पानं मांडून पंगत बसवावी! नि आत कोण? यंत्रं! फाटकावर एक माणूस, तोही पेंगतो. पेंगायला तर मी घरबसल्या तयार होते!"

"आई, अशा गोष्टींना वेळ लागतो..."

"लागू दे. तोवर पोरींनी काय करायचं? रस्ता बघायचा?"

तेवढ्यात नात म्हणाली, "बाबा, तुमच्या कोपरावरचा पक्षी बघून तुमचे साहेब स्वतःचा कोट घेऊन आले की नाही? त्यांच्या मागून त्यांच्या मेहुणीची शाल आली की नाही? काम आभाळातून नाही पडत, खरंय. तुमच्या कोपरातून आलं!"

लेकानं हातानं कोपर झाकलं. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "अगं, पण टाका वाकडा होता त्या मुलीचा!"

"वाकडाच हवा होता, आजी! ती वेल होती!"

वेल! आता उसवताना मला काय माहीत ती वेल आहे? वेलीनं सांगायला नको?

असो. भांडण अर्धवट टाकून मी खिडकीपाशी बसले. दुपार झालेली. तुम्ही कधी दुपारच्या उन्हात दोरा धरून बघितलाय? दोरा दिसेनासा होतो नि नुसता उजेड बोटांत उरतो... समोरच्या भिंतीवर पडद्याची सावली हलते, लांब कुठंतरी कुणी लोखंड ठोकत असतं, ठण्... ठण्... नि मध्ये एवढी मोठी शांतता, की तीत माणूस अलगद बुडतं. तशी मी बुडाले. काम काय आभाळातून पडतं, काम काय आभाळातून पडतं... असं म्हणता म्हणता बुडाले, नि बघते तर काय... आभाळ फाटलेलं!

खरंच सांगते! मधोमध हे एवढं भोक, कडेचे धागे लोंबतायत. मी कुठं बसलेय? तर ढगावर, चष्मा लावून, मांडीवर आभाळ. मऊ हो, किती मऊ! धुऊन धुऊन जुन्या लुगड्याला येतो ना, तसा पोत. मी म्हटलं, आत्ता बुजवते, कुणाला पत्ता लागायचा नाही. निळा दोरा शोधायला लागले. पण निळे तरी किती? सकाळचा निळा निराळा, संध्याकाळचा निराळा, जुळता दोरा काही सापडेना... नि त्या भोकातून बघते तर खाली काहीबाही पडतंय. तरंगत, कापसासारखं. खुर्च्या पडतायत. किटल्या. कात्र्या, शिड्या, रंगाचे डबे. डब्यांमागून माणसं! ओले केस, अर्धवट लावलेली बटणं, कामावर निघायची घाई, नि खाली टेकतात ती हसत. खाली नात उभी, हात पसरून, नि ओरडतेय, "आजी, नको बुजवूस! अगं, तिथूनच येतंय सगळं!"

माझ्या हातात सुई. जन्मभर मी भोकं बुजवली हो. दिसेनाशी केली. नि त्या गडबडीत एकही माणूस माझ्या शेजारी कामाला टिकला नाही...

"आजी! आजी, बाई आल्यात."

डोळे उघडले तर पालिकेच्या बाई खोलीत. पक्षी बघून झाले होते, शाल बघून झाली होती, तोंडभरून हसल्याही होत्या. आणि मग म्हणाल्या, "छान आहे. नवं काम अशाच नव्या खटपटीतून निघतं, म्हणून तर गाळे देतोय. तर... पगारावर कोण आहे इथं?"

नात खाली बघायला लागली. लेकानं घसा खाकरला, पण राजीनामासुद्धा बाहेर पडेना.

मी विचारलं, "घरचं माणूस चालतं का हो बाई?"

"चालतं की. पगार खरा पाहिजे, नि..." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कात्रीकडे बघितलं, "नि मालकाचं ऐकलं पाहिजे."

ऐकलं पाहिजे! या वयात! मी! नवऱ्याचं ऐकलं नाही, सासूचं ऐकलं नाही, डॉक्टर तर अजून वाट बघतोय!

नातीनं मान वर केली. "आजी, तू उसवशील."

"नाही उसवणार."

"वाकडा टाका घालायला लागेल."

मी पदराची शिवण चाचपायला लागले.

"पिवळ्यानं. काळ्यावर."

खिडकीबाहेर बघितलं. आभाळ आपलं जागच्या जागी, एकसंध. कुठं भोक नाही, कुठं शिवण नाही, नि त्यातून पडतही काही नव्हतं. मी कात्री उचलली, नातीच्या हातात ठेवली, मुकाट्यानं चष्मा पुसला नि म्हटलं, "सांगा मालकीणबाई, कुठल्या रंगाचा दोरा ओवू... पण दुपारची डुलकी पगारी धरायची, आधीच सांगून ठेवते!"